चौकोनी गाडी, १२० चा वेग आणि रिकामी होणारी टाकी

प्रश्न थोडक्यात असा आहे: थार डिझेल, मॅन्युअल, हार्ड टॉप. दुपदरी रस्त्यावर ७०–८० ने चालवली की लिटरला १३–१४ मिळतात. तीच गाडी समृद्धीवर १२० ने शिर्डीहून नागपूरला नेली की साडेआठ–नऊ. छतावर कॅरिअर आहे, टायर मूळच्या २४५/७५ आर १६ ऐवजी २६५/७५ आर १६ आहेत. गॅरेजवाल्याने इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) साफ करायला सांगितलंय. करावेत का?

एवढ्या माहितीवर इंजेक्टरला हात लावू नका. या बांध्याच्या गाडीने या वेगाला जे अ‍ॅव्हरेज द्यायला हवं, तेच ती देतेय. ८० ला १३–१४ मिळतात हाच इंजिन ठीक असल्याचा पुरावा. इंजेक्टर खराब असते तर कमी वेगालाही आकडा घसरला असता, सुरू होताना धूर दिसला असता, आयडलिंगला इंजिन हललं असतं.

आता हिशोब. हवेचा रोध काढायचं सूत्र असं: अर्धा × हवेची घनता × सीडी × समोरून दिसणारं क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग. सीडी म्हणजे आकार हवेला किती अडवतो त्याचा आकडा. जीप रँगलरच्या सध्याच्या पिढीचा तो ०.४५४ आहे. थारसाठी मी अंदाजाने ०.४८ धरतो. थारची रुंदी १.८२ मीटर, उंची जवळपास १.८५ मीटर, खालची मोकळी जागा आणि वरचा निमुळतेपणा वजा करून समोरचं क्षेत्रफळ साधारण २.८ चौरस मीटर. दोन्हींचा गुणाकार १.३४. साध्या सेडानचा हाच गुणाकार ०.६५ च्या आसपास असतो. म्हणजे थार हवेला दुप्पट मोठी लागते. विदर्भ–मराठवाड्याच्या उंचीला आणि तिथल्या उन्हात हवेची घनता १.१ धरू, माणसं-सामानासह वजन २,००० किलो, आणि ऑल-टेरेन टायरचा लोळण्याचा रोध वजनाच्या १.३ टक्के.

८० ला हवेचा रोध ३६५ न्यूटन, टायरचा २५५. १०० ला हवेचा ५७०, टायरचा तेवढाच. १२० ला हवेचा ८२०, टायरचा पुन्हा तेवढाच. ८० ते १२० म्हणजे वेग दीडपट, हवेचा रोध सव्वादोन पट, आणि नुसती हवा कापायला लागणारी ताकद ८ किलोवॅटवरून २७ किलोवॅटवर. गिअर-अ‍ॅक्सलमधली घट, एसी आणि डिझेल इंजिनची नेहमीची कार्यक्षमता धरली की ८० ला लिटरमागे १४, १०० ला पावणेबारा आणि १२० ला साडेनऊ किमी येतात. ही कॅरिअरशिवायची गोष्ट झाली. पेट्रोल थारला हे आकडे पंचवीस ते तीस टक्क्यांनी खाली धरा, उतार मात्र तसाच.

दुसऱ्या बाजूने बघा. थारला ८० ला जेवढी हवा अडवते तेवढी त्या सेडानला ११५ ला अडवते. थारला १२० ला जेवढी अडवते तेवढी अडवायला सेडानला १७० च्या पुढे जावं लागेल. शेजारून १२० ने सहज जाणारी सेडान बघून आपणही त्याच वेगाला धरायचं आणि मग अ‍ॅव्हरेजची तुलना करायची, याला अर्थ नाही.

आता हा रोध गाडीच्या नेमक्या कुठल्या भागात आहे ते बघू, कारण बाजारात विकलं जाणारं अर्धं सामान चुकीच्या जागेवर इलाज करतं.

पहिली जागा म्हणजे पुढच्या काचेच्या कडा. उभी काच ही स्वतः तेवढी वाईट नाही. वाईट असतात तिच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि छताची पुढची कड. हवा तिथून वळताना धारदार कडेवर सुटते, पृष्ठभागाला धरून राहत नाही, आणि बाजूच्या काचांवर भोवरे तयार होतात. १००च्या पुढे कानात जो घोंघाट येतो तो इथलाच. कडेला थोडी गोलाई दिली तरी फार फरक पडतो. मर्सिडीजने २०२४ मध्ये जी-क्लासचा सीडी ०.५३ वरून ०.४४ वर आणल्याचं सांगितलं, आणि खोका तर तसाच ठेवला. बदल प्रामुख्याने खांबांच्या आवरणात, छताच्या पुढच्या काठावर बसवलेल्या ओठासारख्या पट्टीत आणि बॉनेटच्या आकारात होते. जीपनेही रँगलरची काच आधीच्या पिढीपेक्षा थोडी मागे कलती केली. २०२० च्या लँड रोव्हर डिफेंडरचा सीडी ०.३८ पर्यंत खाली आहे. गाडी दिसते चौकोनी, पण तिची प्रत्येक पुढची कड गोल आहे आणि पोट सपाट झाकलेलं आहे. चौकोनी दिसणं आणि चौकोनी असणं यात एवढं अंतर असतं.

तुमच्या गाडीवर हवा कुठे सुटते ते घरी बघता येतं. लोकरीचे आठ-दहा सेंटीमीटरचे धागे कापा, मास्किंग टेपने एक टोक चिकटवा: खांबाच्या मागे बाजूच्या काचेवर तीन ओळी, छताच्या पुढच्या काठापासून मागे हातभर अंतरापर्यंत, आरशाच्या मागे, आणि मागच्या काचेवर. दुसऱ्या गाडीतल्या माणसाला बाजूच्या लेनमधून ७०–८० च्या वेगाला चित्रण करायला सांगा. जिथे धागा पत्र्याला चिकटून मागे वाहतो तिथे हवा धरून आहे. जिथे तो वळवळतो किंवा उलटा पुढे येतो तिथे ती सुटलेली. कॅरिअरवर पुढे लाइटबार असेल तर त्याच्या मागचे सगळे धागे नाचताना दिसतील. काही विकत घेण्याआधी ही एक तपासणी करा.

दुसरी मोठी जागा मागची. सपाट पाठीमागे हवेला भरून यायला जागा मिळत नाही, तिथे कमी दाबाचा पट्टा राहतो आणि तो गाडीला मागे ओढतो. कच्च्या रस्त्यावरून आलात की बाजूच्या काचा त्यामानाने बऱ्या असतात, पण मागची काच आणि स्टेपनी धुळीने माखलेली असते. ती धूळ मागून ओढून आणलेली असते. सॉफ्ट टॉपवाल्यांनी यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी: मागचा पडदा उघडा आणि पुढच्या काचा बंद ठेवून चालवलं की त्याच ओढीने सायलेन्सरचा धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागचं उघडायचं तर पुढचंही उघडा.

मागच्या भागावर घरगुती इलाज जवळजवळ नाही. छताच्या मागच्या काठावर मिळणारे स्पॉयलर बहुतेक शोभेचे असतात. उपयोग व्हायचा तर छत आणि दोन्ही बाजू मागे जाताना दहा-पंधरा अंशांनी निमुळत्या व्हाव्या लागतात, आणि तेवढी लांबी कुणी लावत नाही. मागची कड गोल करण्याचा विचार तर सोडाच. पुढे गोलाई हवी, मागे धारदार काठ. मागे गोल केलं की हवा कधी इथे सुटते कधी तिथे, आणि गाडी वाऱ्यात डुलते. छतावर चिकटवायचे छोटे प्लास्टिकचे पंख, ज्यांना व्होर्टेक्स जनरेटर म्हणून विकतात, सपाट पाठीच्या गाडीवर काहीही करत नाहीत.

आता तुमचं कॅरिअर. जाळीच्या टोपलीसारखं रिकामं कॅरिअर, आडवे पाइप आणि पुढची लाइटबार धरून, त्या १.३४ मध्ये ०.१५ ते ०.२५ ची भर घालतं. ०.२ धरा. १०० ला ८५ न्यूटन, १२० ला १२० न्यूटन जास्त. १२० च्या साडेनऊचे तिथे ८.६ होतात. तुमचा आकडा हाच आहे. वर ताडपत्री बांधलेलं सामान असेल तर आणखी खाली. लक्षात घ्या, इथे वजन जवळजवळ गौण आहे. गाडीत १०० किलो जास्त घातले तर सपाट रस्त्यावर १३ न्यूटन वाढतात, म्हणजे १२० ला एक टक्का. लोक अ‍ॅव्हरेजसाठी टूलकिट आणि जॅक काढून ठेवतात आणि कॅरिअर वर्षभर डोक्यावर मिरवतात, हे उलटं आहे.

वजन खातं ते चढाला. खोपोली ते लोणावळा साधारण ५६० मीटरचा चढ आहे; दोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला नुसत्या उंचीपोटी जवळपास एक लिटर डिझेल जातं. त्यात १०० किलोचा वाटा ५० मिलिलिटर.

कॅरिअर काढता येत नसेल तर निदान या गोष्टी करा: लाइटबार काढून बंपरच्या पातळीला आणा, न लागणारे आडवे पाइप कमी करा, उंच जाळी असेल तर सपाट फ्रेमचं घ्या आणि छतापासूनची फट जितकी कमी ठेवता येईल तेवढी ठेवा. पुढच्या पाइपवरून ठरावीक वेगाला शीळ ऐकू येत असेल तर ती पाइपमागच्या भोवऱ्यांची. पाइपवर सर्पिलाकार दोरी घट्ट गुंडाळली की शीळ जाते. रोध मात्र त्याने फारसा जात नाही. वर सामान न्यायचंच असेल तर मोठं मागे आणि आडवं, लहान पुढे, आणि ताडपत्रीची फडफड शून्य. फडफडणारं कापड स्थिर खोक्यापेक्षा जास्त खातं.

समोरच्या जाड स्टीलच्या बुल बारबद्दल वेगळं सांगायला नको. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१७ मध्येच ते बेकायदा ठरवलेत, एअरबॅगच्या सेन्सरची वेळ त्याने बिघडू शकते, आणि रेडिएटरसमोरची हवाही अडते.

टायरकडे येऊ. इथे अर्धा घोटाळा मोजमापाचा आहे. २४५/७५ आर १६ चा व्यास ७७४ मिलिमीटर, २६५/७५ आर १६ चा ८०४. फरक ३.९ टक्के. मूळ मीटर अचूक आहे असं धरलं तर शिर्डी–नागपूरचे ५२० किमी तुमचा ओडोमीटर ५०० दाखवेल. म्हणजे तुमचे साडेआठ प्रत्यक्षात ८.८ आहेत. अ‍ॅव्हरेज काढताना किलोमीटर १.०३९ ने गुणा किंवा जीपीएसचे घ्या. उलट बाजूही आहे. कंपनीचा स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो, कमी दाखवायची त्याला परवानगीच नाही. मोठ्या टायरने तो जास्तीचा भाग खाल्ला जातो. पूर्वी काटा १२० वर असताना तुम्ही कदाचित ११५ ने जात होता. आता खरोखरच १२० ने जाता आणि रोधही तेवढ्याचा भरता.

बाकी मोठ्या टायरचं खरं नुकसान असं: ते जड असतात, रुंद असल्याने चाकांच्या खोबणीत हवा जास्त घुसळतात, आणि गिअरिंग चार टक्क्यांनी लांब होतं. सहाव्या गिअरमध्ये हलक्या चढाला गाडी दमते, मग पाय खाली जातो. मड-टेरेन घेतले असतील तर लोळण्याचा रोध आणखी वाढतो. शेताच्या बांधावरून आणि चिखलातून रोज जाणं नसेल तर ते घेऊ नका. हवा गाडी थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा, सामान भरलं असेल तर त्यावरच्या पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे. साईज बदललेल्या टायरला टायर कंपनीच्या भार-तक्त्यातून आकडा काढून घ्या. वाळूसाठी १८–२० पीएसआयवर उतरवलेली हवा परत न भरता समृद्धीच्या सिमेंटवर १२० ने जाणं हा अ‍ॅव्हरेजचा विषय राहत नाही. बाजूची भिंत तापून टायर फुटतो. आणि तापलेल्या टायरचा दाब चार-पाच पीएसआय जास्त दिसतो म्हणून पंपावर हवा कमी करणाऱ्याला थांबवा.

वारा हा भाग लोक हिशोबात धरतच नाहीत. १०० ने जाताना समोरून २० चा वारा असेल तर गाडीला १२० ची हवा लागते: ५७० चे ८२० न्यूटन, आणि रस्ता मात्र १०० नेच कापला जातो. पाठीमागून तोच वारा असला तर ३६५. जाऊन-येऊन सरासरी ५९२, म्हणजे वारा नसतानापेक्षा जास्तच. मागचा वारा समोरच्याची पूर्ण भरपाई कधीच करत नाही. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे नागपूरला जाताना छान अ‍ॅव्हरेज आणि परत येताना वाईट, हे पावसाळ्यात ठरलेलंच. शिवाय ओल्या रस्त्यावर टायर पाणी बाजूला ढकलतात, तोही रोध. बाजूच्या वाऱ्यात उभ्या सपाट कडा असलेल्या गाडीचा सीडीही वाढतो आणि हात स्टिअरिंगवर घट्ट लागतो. लेहहून आलेल्यांचे आकडे इथल्याशी ताडून बघू नका. ३,५०० मीटरवर हवाच समुद्रसपाटीपेक्षा तीस टक्के विरळ असते.

मोजायचं कसं? टाकी फुल ते टाकी फुल, पण नीट. नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तिथे थांबायचं की दुसऱ्यांदा, हे ठरवा आणि दर वेळी तेच करा. शक्यतो तोच पंप, तेच मशीन, गाडी त्याच बाजूला कललेली. फेसामुळे एका लिटरचा फरक सहज पडतो. १० लिटर भरून काढलेल्या अ‍ॅव्हरेजमध्ये त्याने दहा टक्के चूक, ३० लिटरमध्ये तीन. म्हणून ३०० किमीच्या आतला आकडा मानूच नका. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीची) सफाई मध्येच चालू होते तेव्हा काही किलोमीटर इंजिन जास्त डिझेल पितं. लहान मोजणीत तेही आकडा फिरवतं. डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज तुलनेला चालेल, पण मोठ्या टायरनंतर तेही ३.९ टक्क्यांनी चुकतं.

कॅरिअरचा परिणाम डिझेल न मोजता बघायचा असेल तर गाडी सोडून द्यायची चाचणी आहे. सपाट, सरळ, मोकळा, दुभाजक असलेला आणि १०५ पेक्षा जास्त वेगमर्यादा असलेला रस्ता निवडा. सकाळी लवकर, वारा नसताना, मागे कुणी नसताना, डावीकडच्या लेनमध्ये. टायर तापलेले असू द्या. १०५ ला नेऊन न्यूट्रलमध्ये टाका, इंजिन चालूच ठेवा, आणि जीपीएसवर १०० ते ८० व्हायला किती सेकंद लागतात ते शेजारच्या माणसाने मोजावं. दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा, मग सरासरी. वर धरलेल्या आकड्यांनुसार कॅरिअरशिवाय साडेपंधरा सेकंदांच्या जवळ आणि कॅरिअरसह १४ च्या आसपास यायला हवं. तुमचे आकडे वेगळे येतील, दोन्हींतला फरक महत्त्वाचा. ही चाचणी घाटात किंवा उतारावर कधीही करायची नाही.

मग करायचं काय? माझ्या मते कॅरिअर चार बोल्टांवर निघेल असं बसवून घ्या आणि ट्रिपशिवाय गॅरेजमध्ये ठेवा. समृद्धीवर जीपीएसचे ९५–१०० धरा. शिर्डी–नागपूर १२० ने चार तास वीस मिनिटं, १०० ने पाच तास बारा मिनिटं. बावन्न मिनिटांच्या बदल्यात डिझेल कॅरिअरसह १२० ला जिथे ६० लिटर लागलं असतं तिथे कॅरिअरशिवाय १०० ला ४४. लिटर ९० रुपये धरला तरी चौदाशे-पंधराशे रुपये. शिवाय थारची टाकी ५७ लिटरची आहे. कॅरिअर लावून १२० ने ती तुम्हाला एका दमात नागपूरला पोचवणारच नाही, आणि त्या रस्त्यावर पंप शहरासारखे पावलापावलावर नाहीत. एवढ्याने पोट भरत नसेल तर गाडी बदला. थारची सेडान कुठलंही अ‍ॅक्सेसरीचं दुकान करून देणार नाही.

एसीचा बाऊ करू नका. एसी आणि इतर जोडण्या मिळून दोन किलोवॅटच्या आसपास घेतात. १२० ला इंजिन चाळीसच्या वर देत असतं. डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर लिव्हर टू-हाय (ताकद फक्त मागच्या चाकांना) वरच हवा. फोर-हाय (चारही चाकांना) लावून कोरड्या रस्त्यावर गेलात तर अ‍ॅव्हरेज जातंच, वर अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडून ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, ताण येतो. ग्रिल झाकून हवा अडवण्याची युक्ती मे महिन्यातल्या विदर्भात करू नका, रेडिएटर आणि इंटरकूलर दोन्हींना ती हवा लागते. पोटाखाली प्लास्टिकची चादर लावून सपाट करायचा मोह झाला तर डीपीएफ आणि सायलेन्सरपासून ती लांब ठेवा. सफाईच्या वेळी ते भाग इतके तापतात की वाळलेलं गवतही पेटतं.

आणि शेवटी, गॅरेजला कधी जायचं ते. कॅरिअर काढून, हवा नीट भरून, जीपीएसच्या ८० ला, वारा नसताना ३०० किमी चालवूनही १२ च्या खाली आलं तर गाडीत दोष शोधा. आधी ब्रेक: सावकाश थांबून चारही रिम्सजवळ हात न लावता नुसता धरा, एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर त्याचा कॅलिपर अडकतोय. मग अलाइनमेंट, मोठे टायर बसवल्यावर हे बहुतेक वेळा करायचंच राहिलेलं असतं. मग एअर फिल्टर, मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज. तिथे तेलाचा ओलसर डाग आणि चढाला शीळ असेल तर हवा गळतेय. टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागी यायला फार वेळ घेत असेल तर थर्मोस्टॅट. इंजेक्टरचा नंबर या सगळ्यांनंतर, तोही स्कॅनरवर चारही सिलिंडरचं करेक्शन (कुणाला डिझेल किती कमी-जास्त दिलं जातंय तो आकडा) बघून, अंदाजाने नाही.